मोटेचे हातमोजे आणि चौथी टीम

आमच्या विभागीय बेसबॉल मंडळाच्या सेक्रेटरींना ज्या कामाचा कंटाळा येतो ते काम ते माझ्या गळ्यात टाकतात, आणि वर म्हणतात, "तुम्हाला प्रवासाची हौस आहेच." हौस आहे, नाही कशाला म्हणू? पण सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिलेला, फाल्गुन संपत आलेला, आणि एसटीच्या टपावर भाकरी भाजून निघेल असं ऊन. अशात हिंडायची हौस कुणालाच नसते. तरी मी गेलो. पाच गावं हिंडून आलो, आणि आता घरच्या आरामखुर्चीत बसून हे लिहितो आहे.

मी रेल्वेतला कारकून. सुटीच्या दिवशी सामन्यांत गुण मांडायला बसतो आणि नांदेडच्या एका साप्ताहिकात खेळांवर लिहितो. बेसबॉल आमच्या इलाक्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना नाही, त्यांना मी एवढंच सांगतो : बॅट मुसळासारखी गोल, विकेट नाही, मैदानात चार ठाणी; चेंडू हाणायचा आणि चारही ठाणी पळून परत घरी यायचं. समोरच्या टीमचे नऊ जण चेंडू अडवायला उभे. त्यांच्या डाव्या हातात चामड्याचा मोठा हातमोजा असतो, कारण त्या चेंडूपुढे उघडी बोटं टिकत नाहीत. या हातमोज्याने पुढे मला चांगलंच जमिनीवर आणलं, म्हणून त्याची ओळख आत्ताच करून देतो.

काम असं होतं. महिन्याभराने नांदेडला हंगाम सुरू व्हायचा होता. दरवर्षी नांदेड, मुदखेड आणि किनवट अशा तीन टीमा. यंदा चौथा अर्ज आला होता. लातूर नवा जिल्हा झाला होता ना, त्या जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळ नावाच्या गावाने 'आम्हालाही घ्या' म्हणून लिहिलं होतं. "तिन्ही टीमांचा अंदाज लिहा," सेक्रेटरी म्हणाले, "आणि शेवटी त्या शिरूरला जाऊन या. नऊ माणसं, सपाट मैदान आणि बघण्यासारखा खेळ असला तर घेऊ. नाही तर यंदा तीनच. तुम्ही लिहाल ते शेवटचं."

तुम्ही लिहाल ते शेवटचं, हे वाक्य मला फार आवडलं. मी घरी येऊन सौभाग्यवतींना दोनदा ऐकवलं. त्या बॅगेत कपडे भरत होत्या. "तिकडे दुष्काळ आहे," त्या म्हणाल्या, "पाणी जपून वापरा. घरी नळाखाली उभं राहून गाणी म्हणता तसं करू नका." मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं मी म्हणालो.

नांदेड

प्रवास घरापासूनच सुरू केला. आमची टीम नदीच्या अलीकडे, एका कॉलेजच्या पटांगणात सराव करते. गोदावरी यंदा बारीक झाली होती, घाटाच्या खालच्या पायऱ्या कधी नव्हे त्या उघड्या पडल्या होत्या, पण नळाला पाणी येत होतं. पटांगणावर दोन वेळा पाणी मारलेलं होतं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एक पगडीवाला उंच जवान. त्याचा चेंडू येतो तो दिसत नाही, मागे कॅचरच्या हातमोज्यात वाजतो तेव्हा कळतं की आला. अशा पिचरच्या टीमने हरूच नये. पण नांदेडची अडचण अशी की खेळाडू नऊ आणि शिकवणारे अकरा. प्रत्येक चेंडूनंतर कुंपणावरून कुणीतरी ओरडतं, "कोपर वर ठेव." दुसरा ओरडतो, "खाली ठेव." तो बिचारा कोपर मधे ठेवून उभा राहतो.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या पंजाबी हॉटेलात त्याच पोराने मला दाल-रोटी खिलवली. "आमचं काय लिवणार?" त्याने विचारलं. मी म्हणालो, पहिला नंबर. तो खूश झाला आणि वर लस्सी मागवली. साप्ताहिकवाल्याने खेळाडूची लस्सी पिऊ नये, हे मला पिऊन झाल्यावर सुचलं.

मुदखेड

मुदखेड म्हणजे माझं माहेरच. जंक्शन, आणि टीम सगळी रेल्वेची : गँगमन, पॉइंट्समन, एक तिकीट तपासनीस. मैदान रुळांच्या पलीकडे. सराव दोन गाड्यांच्या मधे चालतो. मी गेलो तेव्हा खेळ रंगात आला होता, तेवढ्यात लांबून शिटी झाली. दुसऱ्या ठाण्यावरच्या माणसाने हातमोजा काढला, जमिनीवर ठेवला, खिशातली हिरवी झेंडी घेतली आणि शांतपणे चालत गेला. गाडी गेली. तो परत आला, हातमोजा चढवला, आणि खेळ जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

असल्या माणसांना सामन्यात घाई होत नाही, हा त्यांचा मोठा गुण. दोष एकच, सगळ्यांची चाळिशी जवळ आली आहे आणि तिसऱ्या ठाण्यावरून घरी येईपर्यंत त्यांना धाप लागते. तपासनीसबुवा तर मधेच उभे राहून कमरेवर हात ठेवतात. फलाटावर मोगऱ्याच्या करंड्या नेहमीपेक्षा कमी होत्या, कळ्याही बारक्या. बागांना पाणी पुरत नाही, असं फुलवाली म्हणाली. तरी निघताना गँगमनने सौभाग्यवतींसाठी एक गजरा बांधून दिला. तो किनवटला पोचेपर्यंत सुकला आणि मी तो तसाच वहीत दाबून ठेवला. मुदखेड दुसऱ्या नंबरवर.

किनवट

रानातून गाडी जाते. सागाची पानं गळून गेली होती, पळस तेवढा लालभडक. तिथली टीम एका वसतिगृहाची. थोरली मुलं, दोन वनरक्षक आणि स्वतः अधीक्षक. ज्वारीची राखण करताना माळ्यावर बसून गोफण फिरवलेले हात. पार कडेवरून फेकलेला चेंडू थेट घरच्या ठाण्यावर येतो. असा नेम मी आमच्या नांदेडात पाहिला नाही.

पण मारतात मात्र खालून, सरपटता. मला कळेना. एवढे दणकट गडी, एकही चेंडू उंच का जात नाही? मी अधीक्षकांना विचारलं.

"चेंडू एकच हाय ना आमच्याकडं," ते म्हणाले. "उंच मारला का जंगलात जाते. मग सारे मिळून शोधत राहिलो तर दिवस जाते. म्हणून म्या नियमच केला, जो जंगलात मारंल त्यानंच शोधायचा. तवापासून सारे खालूनच मारून राहिले."

मी बॅगेतला एक नवा चेंडू काढून दिला. त्यांनी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं, सामन्याला लागेल म्हणून. रात्री पोरांबरोबर पंगतीत बसून अंबाडीची भाजी आणि भाकरी खाल्ली. त्या भाजीच्या आंबट चवीची अजून आठवण येते. किनवट तिसरे, पण त्यांना कुणी उंच मारायला शिकवलं तर माझा अंदाज कोलमडेल, असं मी वहीत लिहिलं.

लातूर, वाटेत

लातूरला गाडी बदलायला दोन तास होते. गावाला नव्या नवरदेवासारखा तोरा आलेला. जिकडेतिकडे रंगारी शिडीवर. पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहीत होते, आणि घाईच्या पांढऱ्या रंगाखालून जुनी अक्षरं डोकावत होती. एका केशकर्तनालयाने तर आपलं नावच 'जिल्हा' ठेवलं होतं. मी दाढी करायला बसलो. न्हाव्याने माझ्या गालावर थोडंसंच पाणी लावलं, इतकं थोडं की वस्तरा खरखरला. मी तक्रार केली तेव्हा तो हसला. "जिल्हा झाला साहेब, पानी व्हायचंय अजून," तो म्हणाला. हे मी ऐकलं, त्यावर हसलो, आणि विसरलो.

शिरूर अनंतपाळ

एसटीतून उतरलो तेव्हा दिवस कलायला आला होता. गळ्यात शिटी अडकवलेला, सायकल धरून उभा असलेला एक काटक माणूस पुढे आला. हे सुदाममास्तर, तिथल्या शाळेतले खेळाचे शिक्षक, टीम उभी केली ती त्यांनीच. कुठल्याशा शिबिरात दहा दिवस हा खेळ शिकले आणि गावात घेऊन आले. "या सर. सकाळधरनं वाट बघायलो," ते म्हणाले, आणि माझी बॅग कॅरिअरला बांधली.

घर बौद्धवाड्यात, कडेला. अंगण झाडून लख्ख, दारात नीळ लावलेली चौकट, आत बुद्धाची तसबीर. दाराबाहेर दगडावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवलेला, आणि त्याच्या शेजारी ताट झाकलेली एक बादली. माझ्या घशाला कोरड पडली होती. मी तांब्या उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग बादलीवरचं ताट काढलं. आमच्याकडे दारातली बादली पाहुण्याच्या पायांसाठी असते. मी पाय धुतले, नीट, टाचा घासून. हात धुतले, तोंड धुतलं, चूळ भरली. आणि तळाशी उरलं होतं ते, सांगायला लाज वाटते, डोक्यावर ओतून घेतलं.

मास्तरांनी तोंड उघडलं होतं, काहीतरी म्हणायला. तेवढ्यात आतून त्यांच्या बायको बाहेर आल्या. त्यांनी बादलीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "धुवा, धुवा. लई लांबून आलेत." बादली आत घेऊन गेल्या.

जेवायला हुलग्याचं माडगं होतं, भाकरी, आणि करडईचं तेल घातलेली चटणी. मी दोनदा वाढून घेतलं. जेवताना मास्तरांनी टीमची हकिकत सांगितली. जिल्हे वेगळे झाले तेव्हा खेळाच्या सामानाची पेटी जुन्या जिल्ह्याकडे राहिली. बॅटी दोन मिळाल्या, हातमोजे एकही नाही. नवे आणायची ऐपत नव्हती. तेव्हा गावातले एक शेतकरी, माणिकआप्पा, यांनी घरातली जुनी मोट, विहिरीचं पाणी ओढायची चामड्याची, काढून दिली. विहिरीवर इंजिन आलं तेव्हापासून ती खुंटीला लोंबकळत होती, आणि आता विहीरच आटली तर इंजिनही बसून. "हिनं लई पानी काडलं," आप्पा म्हणाले होते, "आता चेंडू धरू दे." त्या चामड्याचे नऊ हातमोजे कापले मास्तरांनी, आणि दाभणाने शिवले वहिनींनी. मधे कापडाच्या चिंध्या भरल्या.

खुंटीवर ओळीने टांगले होते. मी एक काढून हातावर चढवायला गेलो. चढला नाही. बोटाने टकटक केलं तर लाकडावर वाजावं तसं वाजलं. घरचं काम ते घरचं काम, असं मी मनात म्हटलं.

पानसुपारी देताना वहिनींनी विचारलं, "घेतील का हो सर आमच्या टीमला?"

"उद्या खेळ बघू, मग ठरवू," मी म्हणालो. तुम्ही लिहाल ते शेवटचं. माझा आवाज जरा जड झाला होता.

तळ्यातलं मैदान

त्यांचं मैदान गावच्या तळ्यात आहे. म्हणजे जिथे तळं असायला हवं तिथे. पाणी आटलं आणि तळ उघडा पडला, एवढा सपाट की साऱ्या पंचक्रोशीत तसा तुकडा नाही. फक्त काळी माती, त्यामुळे भेगा. काही भेगांत हात कोपरापर्यंत जातो. चेंडू भेगेत गेला तर काय करायचं, याचा त्यांनी नियम केला आहे : पळणाऱ्याला एक ठाणं फुकट, आणि 'भेग' असं मोठ्याने सांगायचा अधिकार पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, बसणाऱ्या माणिकआप्पांचा. आप्पा पांढऱ्या फेट्यात, काठी टेकून बसले होते. त्यांचा शब्द कुणी मोडत नाही.

नऊ जण दिवस उगवायला आले. त्यानंतर सगळ्यांना दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं होतं. अंगात जुने शर्ट, छातीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव उसवलेलं, त्या जागेचा रंग बाकीच्या शर्टापेक्षा गडद. नऊ माणसं आहेत, मी वहीत लिहिलं. मैदान सपाट आहे, भेगांसह.

आधी बॅटिंग दाखवली. क्रम विचारला तर मास्तर म्हणाले, "आज काशिनाथ पहिला."

"तो सगळ्यात चांगला मारतो?"

"न्हाई सर. त्याच्या घागरीचा नंबर जवळ आलाय."

हापशावर रात्रीपासून घागरींची रांग असते. ज्याच्या घरची घागर पुढे, तो पहिला मारतो आणि पळतो पाण्याला. ज्याचा नंबर लांब, तो शेवटी. रोज क्रम बदलतो. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ टीमांचे क्रम पाहिले, पण हापशाने ठरवलेला हा पहिलाच. मारत होते मात्र झकास. काशिनाथने पहिलाच चेंडू पाळीवर पोचवला, चारी ठाणी पळाला, आणि तसाच पळत गावाकडे गेला. थोड्या वेळाने शर्ट भिजवून परत आला.

मग झेल. मास्तर बॅटने उंच चेंडू उडवत होते. पहिला झेल हातमोज्यावर आपटला आणि उडून गेला. दुसराही. तिसऱ्याने दोन्ही हातांनी धरायला पाहिलं तर चेंडू हातमोज्याच्या कडेला लागून नाकावर आला. पोरं धावत होती, बरोबर जागी पोचत होती, चेंडूखाली उभी राहत होती, आणि चेंडू दगडावर पडल्यासारखा उसळून जात होता. बारा चेंडूंत तीन झेल. मास्तर एकदा माझ्याकडे पाहायचे, एकदा जमिनीकडे.

मी नियमाप्रमाणे कार्बन घालून लिहिलं. नऊ माणसं : आहेत. मैदान : चालेल. खेळ : मारतात चांगलं, झेल फार कच्चे, यंदा घेऊ नये, असं माझं मत. एक प्रत मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी ती पूर्ण वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

"बरोबर लिवलंय, सर. झेल सुटले," ते म्हणाले.

एसटीची वाट

गाडी अकराला होती. मास्तर शाळेत गेले, मला सोडायला माणिकआप्पा थांब्यावर आले. लिंबाखाली बसलो. मी उगाचच म्हणालो, "पोरं चांगली आहेत आप्पा. पण हातमोज्यांनी घात केला."

"कोरडे व्हते की," आप्पा म्हणाले. "मोटेचं चामडं. राती भिजत घालावं लागतंय. भिजलं का लोण्यावानी मऊ. कोरडं असलं का पापड."

"मग भिजवले का नाहीत?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. काठीने जमिनीवर रेघ ओढली. मग म्हणाले, "पानी कुठून आनावं त्यांनी? दोन दिस आपल्या वाट्यातलं काडून बादलीत ठेवलं व्हतं मास्तरीनबाईनं. तुमी येनार म्हून."

ताट झाकलेली ती बादली. पायांसाठीचं पाणी तांब्यात होतं, ते मी पिऊन टाकलं होतं. आणि हातमोज्यांच्या पाण्यात टाचा घासल्या होत्या.

"कुणी बोललं का नाही मला?" माझा आवाज चढला होता. रागावलो होतो मी, आणि कुणावर रागवावं ते कळत नव्हतं.

"पाव्हन्याला पाय धुतल्यावर कसं सांगावं?" आप्पा म्हणाले.

एसटी आली. कंडक्टरने दार उघडून धरलं. मी हाताने नको म्हटलं. गाडी गेली, आणि मी शाळेकडे चालू लागलो. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती मी कुणापासून लपवणार नाही. घरी बायको सांगून थकली होती, न्हावी सांगत होता, आणि मी आपला सगळ्यांची परीक्षा घ्यायला निघालेला.

मास्तर मैदानात मुलांना कवायत देत होते. मी सरळ म्हणालो, "मास्तर, तो कागद द्या. मी फाडतो. तुम्हाला घ्या असं लिहून देतो."

त्यांनी मुलांना विश्राम सांगितलं. मला बाजूला घेतलं. "न्हाई सर," ते म्हणाले. "तुमी बगितलं ते लिवलं. न बगता दुसरं लिवू नका. कीव करून घेतलेली टीम आमाला नको. पोरं कुनाला तोंड दाखवतील?"

मला हे अपेक्षित नव्हतं. मग मी विचारलं, "उद्या सकाळी परत बघितलं तर चालेल?"

"चालंल की. पन पानी न्हाई. नंबर लावावा लागतो."

"घागर द्या," मी म्हणालो.

हापसा

दुपारी एकच्या सुमारास मी मास्तरांच्या घरची तांब्याची घागर घेऊन रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे सत्तावीस घागरी, हंडे, डबे, आणि दोन ठिकाणी नुसत्या विटा, कारण त्यांच्या मालकिणी घरी भाकरी करत होत्या. हापशाला पाणी थोडं थोडं येतं. दोन घागरी भरल्या की तो कोरडा खडखडतो, मग थांबायचं, खाली पाणी साठू द्यायचं.

बायकांना मजा वाटली. "साहेब, नवरीसाठी पानी भरायलेत का?" एकीने विचारलं. मी म्हणालो, स्वतःच्या पायांसाठी. सगळ्या गावाला ती हकिकत तोवर कळलेली होती, कारण एकदम हशा पिकला. त्यानंतर मात्र एका म्हातारीने मला सावलीत बसायला जागा दिली, आणि माझ्या घागरीवर लक्ष ठेवायचं कबूल केलं.

मधे वहिनी आल्या. "द्या सर हिकडं. बरं दिसत न्हाई हे," त्या म्हणाल्या.

"तुमचं पाणी सांडलं मी, वहिनी. भरू द्या."

"ठाव न्हवतं तुमाला." त्या खाली पाहत म्हणाल्या. मग थांबून पुढे म्हणाल्या, "त्या येळी वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? हात सोलले व्हते शिवताना." आणि गेल्या. त्या बोलल्या म्हणून मला बरं वाटलं.

माझा नंबर दिवस मावळता आला. हापसायला जोर लागतो, माझ्या कारकुनी हातांना तर फारच. घागर भरली तेव्हा मी ती छातीशी धरून निघालो, आणि पाव पाणी माझ्या शर्टावर. मागून ती म्हातारी म्हणाली, "खांद्यावर घे रं बाबा, लेकरासारखी कवटाळू नको." मी खांद्यावर घेतली. घरी पोचेपर्यंत एक थेंब सांडू दिला नाही. वहिनींनी ते पाणी बादलीत ओतलं, एकेक हातमोजा आत दाबला, आणि वर ताट झाकलं. मी त्या ताटाकडे जेवण होईपर्यंत पाहत होतो.

सकाळी तळ्यात तेच नऊ जण. पण आवाज वेगळा. काल चेंडू ठक्क करून उडत होता, आज धप्प करून बसत होता. बारांतले दहा झेल. उरलेल्या दोहोंतला एक काशिनाथ भेगेत पाय अडकून पडला म्हणून सुटला, आणि पाळीवरून आप्पांनी गंभीरपणे "भेग" म्हणून जाहीर केलं. मी बघितलं, आणि बघितलं तेच लिहिलं. आदल्या दिवशीचा कागदही फाडला नाही. दोन्ही जोडले, आणि दोहोंच्या मधे घडलेला प्रकार पाण्यासकट लिहून काढला.

परत नांदेड

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, तुम्ही पाय धुतले हे मंडळाच्या कागदात कशाला?"

"त्याशिवाय पहिला कागद खोटा ठरत नाही," मी म्हणालो. त्यांनी परत वाचलं, कपाळाला हात लावला, आणि सही केली. चौथी टीम.

माझा छापलेला अंदाज तुम्ही वाचला असेल. नांदेड, मुदखेड, किनवट, आणि मग शिरूर. शिरूरला मी चौथा नंबर दिला, कारण रोज क्रम बदलणाऱ्या टीमचं काही सांगता येत नाही. खरं कारण सांगायचं तर मला भीती वाटत होती की मी आता त्यांच्याबद्दल धड विचार करू शकत नाही. त्यांचं नाव लिहितानाच मला हसू येत होतं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी ते एसटीने आले. नऊ जण, मास्तर, माणिकआप्पा, आणि आपले हातमोजे बघायला म्हणून वहिनी. मी पहाटेच घाटावर जाऊन दोन बादल्या भरून आणल्या होत्या आणि त्या मैदानाच्या कडेला ठेवल्या होत्या, ताट झाकून. सौभाग्यवती बरोबर होत्या. बादल्या काठोकाठ भरलेल्या बघून पोरं थबकली. एकाने नुसता हात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"दोन कशाला आनल्या?" मास्तर म्हणाले. "एकीत भागतंय."

वहिनींनी एका बादलीत नऊ हातमोजे बुडवले. पिळून, हाताने दाबून एकेक पोराला दिला. दुसरी बादली तशीच राहिली. मी ती ओतून द्यावी म्हणून उचलायला गेलो, तर मास्तरांनी माझा हात धरला. त्यांनी बादली उचलली, चार पावलं चालत आले आणि माझ्या पायांपाशी ठेवली. ताट स्वतःच्या हाताने काढलं.

"आता धुवा, सर," ते म्हणाले.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी चपला काढल्या.